सुताचा नंबर आणि तीन रेषा

१/ धागा जाड-बारीक झाला, तर दोष कोणाचा? १८७७ मध्ये सोलापुरात ‘जुनी गिरणी’ उभी राहिली, तेव्हापासून हा प्रश्न या शहराच्या भाकरीशी जोडलेला आहे.

२/ सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात बसणाऱ्या ८४० वारांच्या लडींची संख्या. तो काढण्यासाठी १२० वार सूत मोजून त्याचे वजन करीत. मात्र दोन वजने क्वचितच तंतोतंत जुळत. कापूस, कोरडी हवा, यंत्र, हात, कारणे अनेक.

३/ भुर्दंड मात्र कामगाराला. मुंबईच्या गिरण्यांत बिघडलेले कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत मजुरीतून कापली जाई. १९३६ च्या वेतन कायद्याने दंडाला मर्यादा घातली. पण दोष ओळखायचा कसा?

४/ त्याची रीत १६ मे १९२४ रोजीच अमेरिकेत मांडली गेली होती. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट यांचा नियंत्रण-आलेख: मध्ये सरासरीची रेषा, वर-खाली मर्यादांच्या दोन रेषा. बिंदू आत विखुरलेले असतील, तर तो प्रक्रियेचा स्वाभाविक चढउतार. एखादा बाहेर गेला, तर विशिष्ट कारण शोधावे.

५/ १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतात आले आणि येथील कारखान्यांत या पद्धतीच्या प्रसाराला चालना मिळाली.

६/ आतल्या प्रत्येक फरकासाठी यंत्र फिरवत राहिले, तर विषमता उलट वाढते. ती घटवायची तर कापसाची प्रत, हवेतील दमटपणा, यंत्रांची देखभाल सुधारावी लागते. हे निर्णय कामगाराच्या नव्हे, व्यवस्थापनाच्या हाती असतात.