सुट्टी दीड महिन्याची, पोरांच्या हाताला काम काय? नाटक, माती, चित्र आणि गाण्याचा सीमाभागातला हिशेब

कर्नाटकातल्या शाळांना दहा एप्रिलच्या आसपास सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा पुन्हा भरतात. महाराष्ट्रात सुट्टी सुरू होते मेच्या तोंडावर आणि चालते जूनच्या मध्यापर्यंत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांचं गणित इथंच बिघडतं. कोल्हापूर-पुण्याच्या शिबिरांच्या जाहिराती मोबाईलवर येईपर्यंत आपल्या पोरांची निम्मी सुट्टी सरलेली असते. तेव्हा हिशेब उलटा धरावा. एप्रिलमध्ये एकट्यानं करायची कामं, म्हणजे चित्र, माती, गाणं. मेचे पहिले तीन आठवडे, जेव्हा महाराष्ट्रातली मामेभावंडं, आतेभावंडं गावी येतात, तेव्हा मिळून करायचं काम. ते म्हणजे नाटक.

यात नुसता वेळ घालवायचा प्रश्न नाही. आपल्याकडची बरीच मुलं आता कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात आहेत. घरी मराठी फाडफाड बोलतात, पण मराठी पुस्तक हातात दिलं की अडखळतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी तरी सवयीची असते. बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू, आपल्याकडे कन्नड, म्हणजे लिपीच वेगळी. 'सुट्टीत मराठी वाच' असं सांगून कुणी वाचत नाही, हे प्रत्येक आईबापाला माहीत आहे. पण राक्षसाची भूमिका मिळाली की तेच पोरगं चार पानं पाठ करतं.

गल्लीतलं नाटक : तीन आठवड्यांचं काम

नाटक हे या मातीला परकं नाही. 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्याआधी 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्याची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळातली. मुलांसाठी वेगळं नाटक हवं हा विचार मात्र बराच उशिरा रुजला. सुधा करमरकरांचं लिटल थिएटर 1959 चं, रत्नाकर मतकरींची बालनाट्य ही संस्था 1962 ची. मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' अजून मुलांना हसवतं, यातच सगळं आलं.

गल्लीत करायचं तर वीस मिनिटांचं, दहा-बारा पात्रांचं नाटक घ्या. छापील संहिता घेतली तर लेखकाचं नाव आधी जाहीर करा आणि तिकीट लावणार असाल तर परवानगी घ्या. नाहीतर आजीच्या गोष्टीचं नाटक पोरांनाच लिहू द्या, ते जास्त रंगतं.

पहिले चार दिवस भूमिका वाटू नका. सगळ्यांनी गोल बसून वाचायचं, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन वाक्यं. कोण कुठं अडखळतं ते आपोआप कळतं आणि कुणाची चेष्टाही होत नाही. उच्चार इथंच सुधारतात. 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा, हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा मोठ्यानं वाचताना लवकर समजतं.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुन्या नाटक कंपन्यांत नट आपल्या भूमिकेची 'नक्कल' उतरवून घेत. म्हणजे फक्त स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या पात्राचे शेवटचे दोन-चार शब्द, म्हणजे कधी बोलायचं ते कळतं. पोरांना हेच करायला लावा. झेरॉक्स काढू नका. झेरॉक्सचे दहा रुपये वाचतात म्हणून नव्हे, तर हातानं लिहिलेलं निम्मं तिथंच पाठ होतं आणि दोन-तीन पानं मराठी लिहून होतात. शाळेच्या सक्तीशिवाय एवढं मराठी लेखन आमच्या भागातल्या मुलांकडून दुसऱ्या कुठल्या उपायानं होताना मी पाहिलेलं नाही.

लाजरं पण नीट वाचणारं पोर असेल तर त्याला पडद्यामागं प्रॉम्प्टर करा. वाचायला कच्चं असेल त्याला कोरसमध्ये घ्या, चार जणांबरोबर बोलताना भीती जाते. आणि एक सांगतो, मुख्य भूमिका ज्याच्या घरी तालीम होते त्याच्याच मुलाला जाते, आणि पुढच्या वर्षी बाकीचे येत नाहीत. चिठ्ठ्या टाका.

मुखवट्यांना बाजारात जायची गरज नाही. वर्तमानपत्रं रात्रभर भिजवून लगदा करायचा, त्यात मैद्याची खळ आणि थोडी मेथीची पूड घालायची. मेथीमुळे किडे लागत नाहीत. फुगा किंवा पातेलं पालथं घालून त्यावर थर द्यायचा. वाळायला दोन-तीन दिवस ऊन लागतं, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पडद्याला जुन्या साड्या पुरतात. माईक नकोच, खर्चात सगळ्यात मोठा आकडा साउंडवाल्याचा असतो आणि माईक मिळाला की पोरं आवाज काढायचं विसरतात. मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही. उघड्या गच्चीपेक्षा देवळाचा मंडप बरा.

एप्रिलमधली कामं

चित्रकलेचा क्लास लावायच्या आधी एक बघा. मूल आठवीच्या पुढं असेल आणि महाराष्ट्राच्या एलिमेंटरी परीक्षेचा विचार असेल तर स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. त्यातलं स्मरणचित्र घरी सहज होतं: बाजारातून आल्यावर भाजीवालीचं चित्र काढ, न बघता. लहान मुलांना मात्र परीक्षेच्या मापात बसवू नका. बेळगावला चित्रकलेची परंपरा मोठी आहे. के. बी. कुलकर्णी यांनी इथं पिढ्या घडवल्या आणि रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी.

मातीसाठी खानापूरकडं जा. तिथलं कुंभारकाम जुनं. कुंभाराकडून पिशवीभर मळलेली माती मागून आणली तर आठवडाभर पुरते, ओलं फडकं गुंडाळून ठेवली की झालं. प्लास्टिकच्या डब्यातल्या रंगीत मातीपेक्षा कितीतरी स्वस्त.

एक दिवसाची सहल काढायची तर दोन जागा सुचवतो. आंबोली घाटानं उतरून सावंतवाडी: राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहायला मिळतो. दशावतारी गंजिफा म्हणजे गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकी बारा, एकूण 120. लाकडी खेळण्यांची चितार आळीही तिथंच. पुढं कुडाळजवळ पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला तिथं जिवंत आहे. परशुराम गंगावणे यांना 2021 साली त्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र पुढं करत गाऊन सांगितलेली कथा. परत आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांना स्वतःची पोथी करायला सांगा, दहा चित्रं आणि प्रत्येकाला दोन ओळी मराठीत. दुसरी जागा मिरज. रेल्वेनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तंबोरा कसा होतो ते बघून पोरं तासभर हलत नाहीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर कामात असतात, आधी विचारून जावं आणि घोळक्यानं जाऊ नये.

गोव्याच्या वाचकांना पणजीची कला अकादमी आणि बालभवन माहीत आहेच. बडोद्यात सयाजीरावांनी 1886 मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेची परंपरा आज तिथल्या विद्यापीठात चालते, ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय 1918 चं. त्या गावच्या पालकांनी तिथं लहान मुलांसाठी काय चालतं याची चौकशी मार्चमध्येच करावी.

गाण्याबाबत थोडं सावध राहा. पंधरा दिवसांत गाणं येत नाही. पंधरा दिवसांत फक्त बसायची सवय लागते, आणि तीही पुष्कळ. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. सुट्टीत सुरुवात केलेलं मूल रियाज टिकला तर हिवाळी सत्रात 'प्रारंभिक'ला बसू शकतं. अर्ज कधी भरायचा आणि केंद्र कुठलं, हे मेमध्येच गुरुजींना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. शाळा भरल्यावर वह्या-पुस्तकांच्या गडबडीत ही चौकशी हमखास राहते.