डॉलर खरंच संपला का? अमेरिकेचे घटते वर्चस्व आणि बहुध्रुवीय जग

जून २०२४ मध्ये आपल्यापैकी अनेकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरला होता. अमेरिका आणि सौदी अरेबियातला ५० वर्षांचा पेट्रोडॉलर करार ९ जूनला संपला, सौदीने तो पुढे वाढवला नाही, आता डॉलर कोसळणार, असा त्याचा मतलब होता. आमच्या खानदानी ग्रुपवरही तो आला. शारजाहला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा त्याच रात्री फोन. "मामू, डॉलर तो गया! बँकेतले पैसे काढून सोनं घेऊन टाकू का?" बहिणीच्या लग्नासाठी त्याने तीन वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेले ते पैसे होते. मी म्हटलं, "बेटा, दोन दिवस थांब. मी जरा बघतो."

त्या दोन दिवसांत जे वाचलं आणि त्यानंतर जगात जे घडत गेलं, ते इथे एकत्र मांडतो आहे. "अमेरिका संपली" म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि "अमेरिकेला काहीही होत नाही" म्हणणारेही आहेत. दोघेही अर्धीच गोष्ट सांगतात.

असा करार होता का?

८ जून १९७४ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि सौदीचे राजपुत्र फहद यांनी वॉशिंग्टनमध्ये एक करार केला, हे खरे आहे. पण तो आर्थिक सहकार्यासाठी संयुक्त आयोग नेमण्याचा करार होता. तेल फक्त डॉलरमध्येच विकायचे, असे बंधन त्यात नव्हते. त्याच वर्षी आणखी एक व्यवस्था झाली. तेलातून मिळणारा प्रचंड पैसा सौदीने अमेरिकी सरकारच्या रोख्यांत गुंतवायचा आणि अमेरिकेने लष्करी मदत व शस्त्रे पुरवायची. सौदीच्या गुंतवणुकीचा हा भाग गुप्त ठेवला गेला. त्याचा तपशील २०१६ मध्ये बाहेर आला.

म्हणजे डॉलर आणि तेलाचे नाते खरे आहे, पण ५० वर्षांनी मुदत संपणारा तो कागद खरा नाही. ९ जून २०२४ नंतरही सौदीचे तेल प्रामुख्याने डॉलरमध्येच विकले जात राहिले. जे नाते एका कागदावर उभे नाही, ते एका तारखेला संपतही नाही.

डॉलर जगाचे चलन कसे झाले?

जुलै १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू असतानाच, ४४ देशांचे प्रतिनिधी अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे जमले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था तिथेच ठरल्या. इतर देशांची चलने डॉलरशी बांधायची आणि डॉलर सोन्याशी, एका औंसाला ३५ डॉलर या दराने, अशी ती रचना होती. युरोप आणि जपान युद्धात बेचिराख झाले होते. अमेरिकेचे कारखाने मात्र शाबूत होते. त्या काळात जगाच्या एकूण उत्पादनाचा जवळपास निम्मा वाटा एकट्या अमेरिकेचा होता.

त्याआधी हे स्थान ब्रिटनच्या पौंडाचे होते. १९५६ मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केल्यावर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला. अमेरिकेला ते मान्य नव्हते. पौंड घसरू लागला, तेव्हा अमेरिकेने मदतीचा हात आखडता घेतला आणि ब्रिटनला माघार घ्यावी लागली. पैशाच्या जोरावर फौजा मागे घ्यायला लावता येतात, हे जगाने तिथे पाहिले.

१५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले. सोन्याचा आधार गेला, तरी डॉलर टिकला. तेलाचा व्यापार, अमेरिकी रोखे आणि लष्करी ताकद यांनी तो टिकवला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटल्यावर समोर कुणी उरलेच नाही. त्या काळाला एकध्रुवीय जग म्हणतात.

आखातात रुपया चालायचा

आपल्या आजच्या पिढीला हे सांगितले तर नवल वाटते, पण कुवेत, बहरीन, कतार, दुबई या भागांत एकेकाळी भारताचा रुपया रोजच्या व्यवहारात होता. सोन्याच्या तस्करीला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. हजला जाणाऱ्यांसाठीही वेगळ्या 'हज नोटा' होत्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला. दुबई आणि कतारमधल्या माणसाच्या खिशातल्या रुपयाची किंमत एका रात्रीत घटली. निर्णय दिल्लीचा, नुकसान त्यांचे. त्यांनी रुपया सोडला. ओमाननेही १९७० मध्ये सोडला.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्याचे चलन वापरणारा त्याच्या निर्णयांनाही बांधला जातो. तो बांधलेपणा जाचू लागला आणि दुसरा मार्ग दिसला, की माणूस वाट बदलतो. आज डॉलरबाबत जगात हाच विचार सुरू आहे. फरक इतकाच, की रुपया सोडताना आखाती देशांना दुसरा मार्ग होता. डॉलरला तोडीस तोड पर्याय अजून तयार नाही.

वर्चस्व किती घटले?

वेगवेगळ्या मापांनी वेगवेगळे उत्तर येते.

उत्पादन : जगाच्या एकूण उत्पन्नात अमेरिकेचा वाटा आज साधारण एक चतुर्थांश आहे. कारखानदारीत चीनचा वाटा जवळपास ३० टक्के आहे, म्हणजे अमेरिकेपेक्षा बराच जास्त.

परकीय गंगाजळी : जगातील मध्यवर्ती बँका संकटकाळासाठी जी परकीय चलने साठवतात, त्यात डॉलरचा वाटा २००० च्या सुमारास ७० टक्क्यांच्या आसपास होता. २०२४ अखेर तो ५८ टक्क्यांच्या जवळ आला. युरोचा वाटा सुमारे २० टक्के आणि चीनच्या युआनचा फक्त २ टक्क्यांच्या आसपास आहे.

चलनबाजार : जगातील दर १०० चलन व्यवहारांपैकी जवळपास ८९ व्यवहारांत एका बाजूला डॉलर असतो. इथे घट जवळपास नाहीच.

लष्कर : २०२४ मध्ये जगाच्या एकूण लष्करी खर्चाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या अमेरिकेचा होता. पण खर्च म्हणजे विजय नव्हे. वीस वर्षांच्या युद्धानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेला अफगाणिस्तान सोडावे लागले.

थोडक्यात, अमेरिका कोसळलेली नाही. तिची मक्तेदारी सैल झाली आहे.

तीन वर्षे, तीन अनुभव

आकड्यांपेक्षा आपल्याच देशाचा अनुभव हे जास्त स्पष्ट करून सांगतो.

२०१९ : इराण हा भारताचा मोठा तेलपुरवठादार होता. अमेरिकेने इराणवर निर्बंध लावले आणि मे २०१९ मध्ये भारताला दिलेली सवलत संपवली. भारताने इराणकडून तेल घेणे थांबवले. संयुक्त राष्ट्रांनी बंदी घातलेली नव्हती. पण डॉलरच्या व्यवस्थेतून बाहेर फेकले जाण्याची जोखीम कुठलीही बँक किंवा तेल कंपनी घ्यायला तयार नव्हती.

२०२२ : युक्रेनवरील आक्रमणानंतर अमेरिका आणि तिच्या मित्रांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. या वेळी भारताने ऐकले नाही. भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता, तो पुढे एक तृतीयांशाच्या वर गेला.

२०२५ : ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील वाढीव आयातशुल्क एकूण ५० टक्क्यांवर नेले. त्यातला निम्मा भाग रशियन तेलाच्या खरेदीचा दंड म्हणून होता.

या तीन वर्षांत सगळे आले. आधी 'नाही' म्हणता येत नव्हते, मग म्हणता आले आणि त्यानंतर त्याची किंमतही मोजावी लागली. बहुध्रुवीय जगाची व्याख्या मी वर्गात मुलांना अशीच सांगतो : जिथे 'नाही' म्हणू शकणारे वाढतात, पण 'नाही' म्हणणे फुकट होत नाही.

रशियाची गंगाजळी गोठवल्याचा परिणाम इतर देशांवरही झाला. आज त्यांचे पैसे अडकले, उद्या आपले अडकले तर? २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे जगातील मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी १,००० टनांहून जास्त सोने विकत घेतले.

ब्रिक्स आणि गोव्यातली एक अडचण

ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांची पहिली शिखर परिषद २००९ मध्ये झाली. नंतर दक्षिण आफ्रिका आली. जानेवारी २०२४ पासून इजिप्त, इथिओपिया, इराण आणि संयुक्त अरब अमिरात, तर जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशिया सामील झाला. या गटाची स्वतःची विकास बँक शांघायमध्ये आहे आणि तिचे पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत होते. पण ब्रिक्सचे एक चलन अस्तित्वात नाही. भारत आणि चीन यांच्यातच सीमेचा वाद आहे. त्यांनी एका चलनावर भरवसा कसा ठेवायचा?

स्वतःच्या चलनात व्यापार करण्याचे प्रयत्न मात्र सुरू आहेत. जुलै २०२३ मध्ये भारत आणि अमिरातीने रुपया-दिरहम व्यवहारांचा करार केला आणि ऑगस्टमध्ये तेलाची पहिली खरेदी रुपयांत झाली. अडचण कुठे येते, ते रशियाच्या उदाहरणात दिसले. मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह गोव्यात बैठकीसाठी आले होते. भारतीय बँकांत रशियाचे अब्जावधी रुपये पडून आहेत, पण ते वापरता येत नाहीत, अशी कैफियत त्यांनी मांडली. भारत रशियाकडून घेतो खूप आणि विकतो कमी. मग त्या रुपयांचे करायचे काय? डॉलर कुठेही खपतो, हीच त्याची खरी ताकद आहे. युआनची अडचण वेगळी आहे. पैसा देशाबाहेर जाण्यावर चीन सरकारचे कडक नियंत्रण आहे.

आखाती देश काय करत आहेत?

बहरीनमध्ये अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचे मुख्यालय आहे आणि कतारमध्ये अल उदैद हा मोठा हवाई तळ. पण याच भागातले तेल सर्वात जास्त आशियाकडे जाते. १० मार्च २०२३ रोजी सौदी आणि इराण यांच्यात समेट झाला, तो बीजिंगमध्ये. ९ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रायलने दोहावर हवाई हल्ला केला, तेव्हा अमेरिकेचा तळ असूनही कतार वाचला नाही. त्यानंतर आठच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, सौदी आणि पाकिस्तानने संरक्षण करार केला. या देशांनी अमेरिकेची साथ सोडलेली नाही, पण ते आता एकाच दारावर विसंबून राहत नाहीत.

बहुध्रुवीय म्हणजे न्यायी का?

इथे आपण भावनेच्या भरात फसतो. अमेरिका दुबळी झाली की मजलूमांना इन्साफ मिळेल, असे अनेकांना वाटते. गाझाकडे पाहा. ८ डिसेंबर २०२३ रोजी सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने १३ मते होती. एकट्या अमेरिकेच्या नकाराधिकाराने तो पडला. चारच दिवसांनी आमसभेत १५३ देशांनी युद्धबंदीच्या बाजूने मत दिले, त्यात भारतही होता. विरोधात फक्त १० होते. अमेरिका किती एकटी पडली, ते दिसले. पण बॉम्ब थांबले नाहीत. दक्षिण आफ्रिकेने त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. चीन आणि रशियाने निषेध केला, यापलीकडे फारसे काही केले नाही.

आणि सीरियात काय झाले? तिथे नकाराधिकार पुन्हा पुन्हा वापरणारा रशिया होता आणि शहरांवर बॉम्ब टाकणारी विमानेही त्याचीच होती. चीनमधील उइगुर मुसलमानांबद्दल तर अनेक मुस्लिम देशांची सरकारेही बोलत नाहीत, कारण व्यापार आड येतो. दादागिरी करणारा एक असो की चार, दुर्बलाचे रक्षण फक्त सर्वांना सारख्या लागू होणाऱ्या कायद्यानेच होते. तो कायदा अजून दूर आहे.

भाच्याला काय सांगितले?

दोन दिवसांनी मी त्याला फोन केला. म्हटलं, तुझा पगार दिरहममध्ये आहे आणि दिरहम १९९७ पासून डॉलरशी बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. सौदी रियालही १९८६ पासून ३.७५ वर बांधलेला आहे. समजा डॉलर ९० रुपये असेल, तर दिरहम साडेचोवीस रुपये आणि रियाल २४ रुपये. तू घरी पैसे पाठवतोस तेव्हा जास्त रुपये मिळतात तेही डॉलरमुळे, आणि तुझ्या अम्मीच्या हजचा खर्च वाढतो तोही डॉलरमुळेच. ज्या दिवशी अमिरात किंवा सौदी ही गाठ सोडतील, त्या दिवशी खरी बातमी होईल, आणि ती सरकारी घोषणेतून येईल. फॉरवर्डमधून नाही.

"मग सोनं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "लग्नाला लागणार असेल तर हिशोबाने घे. भीतीने घेऊ नको."

तो हसला. थोड्या वेळाने खानदानी ग्रुपवर त्याने स्वतःच लिहिलं, "वो मेसेज गलत है, आगे मत भेजो."