मंडप कोणाचा, विषय कोणता? पुणे १८९५ ते लाहोर १९३६

१/ डिसेंबर १८९५. पुण्यात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अकरावे अधिवेशन भरणार होते. शहर पेटले होते, पण वाद इंग्रज सरकारशी नव्हता. वाद एका मंडपाचा होता. सभा आटोपल्यावर त्याच मंडपात सामाजिक परिषद भरू द्यावी की नाही? ‘हा विषय इथे नको’ या चार शब्दांच्या इतिहासाचा हा धागा.

२/ हा विषय सुचण्याचे कारण घरचेच आहे. भूम तालुक्यातील ईट या आमच्या गावी आम्ही काही विद्यार्थ्यांनी इतिहासाचा एक कट्टा चालवला आहे. १७ सप्टेंबरच्या निमित्ताने मुक्तिसंग्रामावर व्याख्यान ठेवले होते. एका मुलीने विचारले, “या लढ्यात शेतमजूर बायकांनी काय केले, ते कुठे लिहिले आहे?” सूत्रसंचालन माझ्याकडे होते. मी म्हणालो, “विषयांतर नको.”

३/ त्या वेळी मला ते अगदी योग्य वाटले होते. वेळ कमी होता आणि वक्ते पाहुणे होते. घरी आल्यावर मात्र १८९५ आठवले आणि झोप उडाली. म्हणून मित्रहो, हा धागा थोडा लांब आहे. सवडीने वाचा.

४/ सुरुवात १८८५ पासून करू. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यातच व्हायचे होते. पटकीची साथ आल्याने ते मुंबईस हलवले गेले. ७२ प्रतिनिधी जमले. प्रांत, भाषा, धर्म आणि जाती निरनिराळ्या. एवढ्या भिन्न लोकांना एकत्र टिकवायचे तर बोलायचे कशावर, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

५/ १८८६ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्ष दादाभाई नौरोजींनी त्याचे उत्तर दिले. साऱ्या राष्ट्राचा ज्यात थेट संबंध आहे, तेवढेच प्रश्न या सभेने घ्यावेत. सामाजिक सुधारणा ज्या त्या समाजाने आपापल्या परिषदांत पाहाव्यात. दादाभाई सुधारणांचे शत्रू नव्हते. त्यांना भीती होती ती सभा फुटण्याची.

६/ पुढे विषय ठरवण्याचे काम विषय नियामक समितीकडे गेले. नावातच सारे आले. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात नियम झाला की, हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखाने अथवा जवळपास एकमुखाने विरोध असेल, तो विषय समितीने चर्चेस घेऊ नये.

७/ हा नियम नीट पाहा. अल्पसंख्य गटाला संख्येच्या जोरावर दडपले जाऊ नये, यासाठी तो होता. म्हणजे विषय आवरण्याचा प्रत्येक नियम दडपशाहीचाच असतो असे नाही. काही नियम दुर्बळाची ढाल असतात. ढाल कोणती आणि कुंपण कोणते, हे ओळखणे हीच खरी अडचण आहे.

८/ सामाजिक प्रश्नांचे मग काय? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि दिवाणबहादूर रघुनाथराव यांनी १८८७ साली मद्रासेत तोड काढली. राष्ट्रीय सभा आपले काम संपवील. त्यानंतर त्याच मंडपात सामाजिक परिषद भरेल. संस्था दोन, मंडप एक. विधवाविवाह, बालविवाह, स्त्रीशिक्षण हे विषय तिथे निघत. ज्याला नको त्याने उठून जावे.

९/ आठ वर्षे ही तडजोड चालली. ती पुण्यातच का मोडली, हे कळण्यासाठी पुण्यातील आधीची भांडणे पाहावी लागतात. १८८१ साली ‘केसरी’ निघाला. पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. सामाजिक प्रश्नांवर संपादकाची मते आणि बहुसंख्य चालकांची मते जुळेनात. १८८७ मध्ये आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला.

१०/ इथे एक नमुना प्रथम दिसतो. नाकारलेला विषय मरत नाही, तो स्वतःचे पत्र काढतो. आगरकरांना जे ‘केसरी’त लिहिता येईना, ते त्यांनी ‘सुधारका’त अधिक धारदारपणे लिहिले. मात्र एक तोटाही झाला. एका पत्राच्या दोन बाजूंनी एकमेकांना उत्तर देणे थांबले. आता दोन पत्रे एकमेकांवर तुटून पडू लागली.

११/ मग आले संमतिवयाचे विधेयक. बेहरामजी मलबारींनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध मोहीम चालवली होती. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाच्या बालवधूचा पतीच्या शरीरसंबंधाने मृत्यू झाला. १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय १० वरून १२ केले. टिळकांनी विरोध केला: परक्या सरकारने कायद्याने आमच्या चालीरीतींत हात घालू नये.

१२/ १८९५ पर्यंत पुणे दोन तटांत पुरते विभागले होते. त्याच वर्षी सार्वजनिक सभेचा कारभार रानडे गटाच्या हातून निसटून टिळकांच्या गटाकडे गेला. आगरकर त्याच वर्षी जूनमध्ये, अवघ्या ३८ व्या वर्षी, वारले होते. अशा वातावरणात डिसेंबरचे अधिवेशन पुण्यास मिळाले.

१३/ टिळक पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू या. राष्ट्रीय सभा सर्वांची आहे. जुन्या वळणाच्या लोकांनीही तिला वर्गणी दिली आहे. त्यांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या मंडपात त्यांच्याच आचारांवर टीका का व्हावी? उद्या हेच लोक सभेपासून दूर गेले, तर राजकीय मागणीमागे जनता कुठून आणणार?

१४/ रानड्यांचे म्हणणेही तितक्याच ताकदीचे होते. राजकीय हक्क आणि सामाजिक न्याय यांचे दोन स्वतंत्र कप्पे करता येत नाहीत. ज्यांची समाजरचना विवेकावर व न्यायावर उभी नाही, ते राजकीय हक्क पेलणार कसे? म्हणून त्यांच्या दृष्टीने सामाजिक परिषद हे विषयांतर नव्हते, मूळ विषयाचाच तो दुसरा अर्धा भाग होता.

१५/ वाद इतका चिघळला की टिळक चिटणीसपदावरून बाजूला झाले. विरोध मंडप जाळण्याच्या धमकीपर्यंत गेला, अशी नोंद पुढे डॉ. आंबेडकरांनी केली आहे. शेवटी रानडे मागे सरले. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन पार पडले. सामाजिक परिषद डॉ. रा. गो. भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात वेगळी भरली.

१६/ रानडे हरले काय? मंडपाच्या लढाईत होय. पण त्यांनी सभा फुटू दिली नाही आणि परिषदही बंद पडू दिली नाही. पुढच्याच वर्षी, १८९६ साली, त्यांच्या गटाने डेक्कन सभा स्थापन केली. नमुना पुन्हा तोच: एका दारातून बाहेर काढलेला विषय दुसरे घर बांधतो.

१७/ मात्र रानड्यांना केवळ ‘बाहेर काढलेला’ म्हणून पाहणे अपुरे आहे. दहा वर्षे आधी, १८८५ साली, पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण दिले. फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. पत्र ‘ज्ञानोदया’त छापले गेले.

१८/ फुल्यांच्या म्हणण्याचा आशय असा: शूद्रातिशूद्रांचे हक्क ज्यांच्या ग्रंथांत आणि सभांत खुल्या दिलाने मान्य होत नाहीत, त्यांच्याशी आमचे जुळायचे कसे? ज्या सभेत आपला प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवरच येणार नाही, तिथे जाऊन टाळ्या वाजवण्यास त्यांनी नकार दिला. दहा वर्षांनी मंडप गमावणारे रानडे त्या वेळी मंडपाचे यजमान होते.

१९/ म्हणजे दाराच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे कायमचे ठरलेले नसते. याचा आपल्या मराठवाड्यातील, अर्थात जुन्या हैदराबाद संस्थानातील, पुरावा मला अधिक बोचतो. नोव्हेंबर १९२१. हैदराबादेत समाजसुधारणा परिषद. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. ठिकाण मराठी माणसांनी उभी केलेली विवेकवर्धिनी शाळा.

२०/ इंग्रजी, उर्दू, मराठीत भाषणे झाली. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उठले आणि सभेत हुर्यो उठली. त्यांना बोलू दिले नाही. हुर्यो उडवणाऱ्यांत मराठी भाषिक होते. इथे विषयसुद्धा परका नव्हता, फक्त भाषा परकी वाटली. अपमानित तेलुगू मंडळींनी लगेच आंध्र जनसंघाची स्थापना केली. तिच्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली.

२१/ समाजसुधारणेसाठी जमलेल्या लोकांकडून हे घडले, हे विसरू नये. पुण्यात ज्या पक्षाला मंडप नाकारला गेला, त्याच विचाराचा वारसा सांगणाऱ्यांनी हैदराबादेत दुसऱ्याला व्यासपीठ नाकारले. तेव्हा तेलुगू लोकांनी जे केले, तेच पुढे १९३७ मध्ये मराठी मंडळींनी परतूर येथे महाराष्ट्र परिषद भरवून केले.

२२/ त्या परिषदेवर तर दुहेरी पहारा होता. निजामाच्या राज्यात गश्ती क्रमांक ५३ नुसार जाहीर सभेला परवानगी लागे. शिक्षण, भाषा, सुधारणा चालतील, राजकारण चालणार नाही. १८९५ च्या पुण्यात ‘समाज नको, राजकारण हवे’. १९३७ च्या मराठवाड्यात ‘राजकारण नको, समाज चालेल’. निषिद्ध विषय बदलला, पहारेकरी बदलला, वाक्य तेच राहिले.

२३/ मग परिषदेतच मवाळ आणि जहाल असे तट पडले. आखून दिलेल्या विषयांत राहून काम टिकवावे, की जबाबदार राज्यपद्धतीची मागणी उघड करावी? सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. त्यानंतर भाषिक परिषदांची व्यासपीठे हाच बोलण्याचा उरलेला मार्ग होता. ‘बिगरराजकीय’ सभेतच राजकीय कार्यकर्ते घडले.

२४/ शेवटचा प्रसंग १९३६ चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावले. भाषण मुंबईत छापून तयार झाले. मंडळाला त्यातील काही भाग खटकला. जातीविषयी बोला, पण शास्त्रे आणि धर्मत्याग यांवरील मजकूर विषयाला सोडून आहे, तो वगळा, असा आग्रह सुरू झाला.

२५/ आंबेडकरांनी उत्तरात कळवले की, आपण वकील आहोत आणि काय संबद्ध, काय असंबद्ध याचे नियम आपल्याला मंडळाच्या कोणत्याही सभासदाइतके ठाऊक आहेत. आक्षेप घेतलेला भाग केवळ संबद्ध नाही, महत्त्वाचाही आहे. स्वल्पविराम बदलण्यासही ते राजी झाले नाहीत. परिषदच रद्द झाली.

२६/ मग त्यांनी ते भाषण स्वखर्चाने प्रसिद्ध केले. ते पुस्तक म्हणजे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. १५०० प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. त्याच पुस्तकात त्यांनी राष्ट्रीय सभा आणि सामाजिक परिषद यांचा मंडपाचा वाद सविस्तर सांगितला आहे. स्वतःला तोच अनुभव येणार आहे, हे ते भाषण लिहिताना त्यांना कुठे ठाऊक होते!

२७/ राष्ट्रीय सभेचे पुढे काय झाले? अस्पृश्यतेविरुद्धचा ठराव १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात संमत झाला. त्यामागे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे १९०६ पासूनचे काम होते. पुण्याच्या मंडपापासून २२ वर्षे. ‘योग्य वेळी घेऊ’ म्हणून बाजूला ठेवलेल्या विषयाला इतका काळ थांबावे लागले. तो काळ सभेला सोपा गेला. तो कोणाला महाग पडला, हे सांगायला नको.

२८/ मग सभा चालवणाऱ्याने कोणताच विषय अडवू नये का? तसे नाही. ज्या सभेत सगळेच बोलता येते, तिथे शेवटी सर्वांत मोठ्या आवाजाचाच विषय उरतो. पण अडवताना तीन गोष्टी तपासाव्यात. निर्णय कोणी घेतला? नियम सर्वांना सारखा आहे का? आणि अडवलेल्या विषयाला दुसरी जागा व तारीख दिली का? १८८७ च्या तोडीत तिसरे उत्तर होते, म्हणून ती आठ वर्षे टिकली.

२९/ आता ईटला परत येतो. त्या मुलीला मी तारीख दिली नव्हती. दोन आठवड्यांनी कळले की ती आणि तिच्या तीन मैत्रिणी दर रविवारी शाळेच्या ओसरीत बसतात. गावातील वृद्ध बायकांना भेटून, कोणाकडे कोण लपले होते, भाकरी कोणी पोचवल्या, हे वहीत उतरवून घेतात.

३०/ गेल्या रविवारी मी तिथे गेलो. बोलायला नव्हे, ऐकायला. वहीची चाळीस पाने भरली होती. त्यातले एकही नाव आमच्या व्याख्यानात आले नव्हते. मी माझी चूक कबूल केली. तिने वही पुढे केली आणि म्हणाली, “दादा, ही अक्षरं लागत नाहीत, तेवढी मोडी वाचून द्या.” धागा इथे संपतो. तुमच्या गावातही अशी कुणाची वही असेल, तर कळवा.