भारतीय बचाव

बुद्धिबळाच्या खेळात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्याने अवलंबावयाच्या काही प्रारंभपद्धतींचे सामूहिक नाव. पांढऱ्याने आपल्या वजिरासमोरील प्यादे दोन घरे पुढे सरकविले असता काळा त्याला तशाच प्याद्याने उत्तर न देता राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो. पटाचा मध्यभाग प्याद्यांनी व्यापण्याची घाई न करता तो मोहऱ्यांच्या माऱ्याखाली ठेवावयाचा, हे या पद्धतींचे मुख्य सूत्र होय. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन आणि ग्र्यूनफेल्ड हे या समूहातील प्रमुख बचाव होत. आज ते सर्वमान्य असले, तरी एकोणिसाव्या शतकात यूरोपीय खेळाडूंच्या दृष्टीने अशी सुरुवात रूढीबाह्य व सदोष होती.

भारतीय नियमांची पार्श्वभूमी : यूरोपात प्रचलित झालेल्या नियमांनुसार प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जाता येते. भारतात ठिकठिकाणी चालत आलेल्या जुन्या पद्धतींत ही मुभा बहुधा नसे किंवा मोजक्याच प्याद्यांना असे. राजाचा किल्लेकोटही नव्हता. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल चालता येई. पटाच्या शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याला सामान्यतः त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप मिळे. या नियमांमुळे दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडे. प्यादी एकेक घर पुढे सारून त्यांच्यामागे मोहऱ्यांची मांडणी करण्यास पुरेसा अवधी मिळे. घोड्यासमोरील प्यादे एक घर चढवून त्याच्या जागी उंट बसविला, की तो पटाच्या सर्वांत लांब कर्णावर दुरून मारा करी.

या खेळाविषयीचे लेखनही भारतात झाले. मूळच्या पैठणच्या व काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात रचलेल्या भगवंतभास्कर या ग्रंथाच्या नीतिमयूख या भागात बुद्धिबळाचे विवेचन आले आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा मूळ संस्कृतावरून केलेला इंग्रजी ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात मुख्यतः डावातील निर्णायक स्थिती दिलेल्या आहेत. प्रारंभीच्या खेळ्यांपेक्षा मात करण्याच्या कौशल्याला परंपरेत अधिक मान होता, हे त्यावरून दिसते. प्याद्याने केलेली मात विशेष प्रतिष्ठेची मानली जाई.

कॉक्रेन व बंदोपाध्याय यांचे डाव : भारतीय व यूरोपीय या दोन पद्धतींची सर्वांत फलदायी गाठ कलकत्त्यात पडली. जॉन कॉक्रेन हा ब्रिटिश बॅरिस्टर तत्कालीन श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक होता. १८४८ च्या सुमारास कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळातील एका सभासदाला, खेड्यात राहणारा एक ब्राह्मण कधीच हरत नाही, असे समजले. महेशचंद्र बंदोपाध्याय हाच तो खेळाडू. इंग्रजी नियतकालिकांत त्याचे नाव 'मोहेशचंदर बॅनर्जी' असे येते. यूरोपीय नियम त्याला प्रथम माहीत नव्हते; ते त्याने शिकून घेतले. पुढे सुमारे बारा वर्षे तो कॉक्रेनशी खेळत राहिला. त्यांचे शेकडो डाव टिपून ठेवले गेले व त्यांतील काही इंग्लंडमधील बुद्धिबळविषयक नियतकालिकांत छापले गेले.

नवे नियम स्वीकारले, तरी महेशचंद्राने आपली वळणे सोडली नाहीत. प्यादे दोन घरे नेण्याची मुभा असतानाही तो अनेकदा ते एकच घर सरकवी, उंट घोड्याच्या जागी बसवी आणि मध्यभाग कॉक्रेनच्या प्याद्यांसाठी मोकळा सोडी. मे १८५५ मधील त्यांचा एक डाव या दृष्टीने उल्लेखनीय आहे. त्यात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना महेशचंद्राने प्रथम घोडा काढला, मग घोड्यासमोरील प्यादे एक घर सरकविले आणि तिसऱ्या खेळीत वजिरासमोरील प्यादे दोन घरे नेले. मारामारीत घोड्यांची अदलाबदल होऊन पांढऱ्याची प्यादी मध्यभागी भक्कम उभी राहिली, तेव्हा त्याने बाजूचे प्यादे पुढे करून तो मध्य फोडण्यास आरंभ केला. हा डाव तो हरला. अठराव्या खेळीस त्याने घोडा पटाच्या कडेला नेऊन पांढऱ्या वजिरावर मारा केला, परंतु त्या स्थितीत पांढऱ्याला तीन खेळ्यांत मात करता येत होती : दुहेरी शह, वजिराचे बलिदान आणि घोड्याने मात. मात्र पराभव प्रारंभामुळे ओढवला नव्हता. हीच सुरुवात एर्न्स्ट ग्र्यूनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने १९२२ मध्ये व्हिएन्ना येथे अलेखिनविरुद्ध खेळून डाव जिंकला आणि तिला त्याचेच नाव मिळाले.

नाव व प्रसार : महेशचंद्राच्या डावांना उद्देशून 'भारतीय बचाव' ही संज्ञा १८८४ मध्ये वापरली गेल्याचे आढळते. जर्मन खेळाडू लूई पाउलसेन यानेही त्या सुमारास अशा मांडणीचे प्रयोग केले. तथापि मध्यभाग प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे, हे मत त्या काळात दृढ होते. पहिल्या महायुद्धानंतर निम्झोव्हिच, रेटी, तार्ताकोव्हर प्रभृती खेळाडूंनी त्याला आव्हान दिले. प्रतिपक्षाने पुढे आणलेली प्यादी हे त्याचे बळ असते, तसेच ते माऱ्याचे लक्ष्यही ठरू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी महेशचंद्रापासून प्रत्यक्ष धडे घेतले असे म्हणता येणार नाही. पण ज्या कल्पनेला त्यांनी शास्त्राचे रूप दिले, ती त्याच्या डावांत सत्तर वर्षे आधी पटावर अवतरली होती. पुढे ब्रॉन्स्टाइन, बोलेस्लाव्हस्की, फिशर व कास्पारोव्ह यांनी हे बचाव जागतिक स्पर्धांत प्रतिष्ठित केले.

या इतिहासातील एक योगायोग लक्षणीय आहे. पंजाबातील मीर सुलतान खान भारतीय पद्धतीत वाढला व १९२६ च्या सुमारास यूरोपीय नियम शिकला. १९२९, १९३२ व १९३३ या वर्षी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका यास हरविले. त्या डावात क्वीन्स इंडियन बचाव काळ्या बाजूने कापाब्लांका खेळला होता. प्रारंभांचा अभ्यास ही सुलतान खानची उणी बाजू मानली जाई. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने त्यास मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला.

गुणदोष : या बचावांत काळ्याला आरंभी जागा कमी मिळते. प्रतिहल्ल्यास विलंब झाला, तर मोहरे एकमेकांच्या वाटेत येऊन कोंडी होते. किंग्ज इंडियनमध्ये मध्यभाग प्याद्यांनी बंद झाला, की पांढरा वजिराच्या बाजूस व काळा राजाच्या बाजूस चढाई करतो आणि एखादी खेळी वाया जाणेही महाग पडते. उलटपक्षी डाव असमतोल राहत असल्याने काळ्याला केवळ बरोबरीवर समाधान मानावे लागत नाही.

महाराष्ट्र : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातही भारतीय पद्धतीकडून आंतरराष्ट्रीय नियमांकडे स्थित्यंतर झाले. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेचे अजिंक्यपद रामचंद्र सप्रे यांना डी. वेंकय्या यांच्यासह विभागून मिळाले. सांगली हे खेळाचे महत्त्वाचे केंद्र बनले. वऱ्हाडात अमरावतीचा स्वप्नील धोपाडे २०१५ मध्ये ग्रँडमास्टर झाला, तर शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. या पिढीतील खेळाडू भारतीय बचाव शिकतात ते जगभरच्या ग्रंथांतून व संगणकाच्या साहाय्याने. ज्या ग्रामीण खेळाडूच्या सवयीमुळे त्यांना 'भारतीय' हे विशेषण लाभले, त्याचे नाव मात्र कोणत्याही प्रमुख बचावाला दिले गेलेले नाही. (पहा : बुद्धिबळ).