चित्रकथांचे दुकान : एक उपेक्षित दप्तरखाना

वाङ्मयाच्या इतिहासात मुद्रणालयांची नोंद होते, ग्रंथालयांची होते. चित्रकथा विकणाऱ्या दुकानांची मात्र सहसा होत नाही. कॉमिक म्हणजे वाचून फेकून देण्याची वस्तू, असे प्रकाशकांपासून पालकांपर्यंत सर्वांनीच गृहीत धरले होते. अशा वस्तूचे चांगले दुकान कशाने घडते, याचे उत्तर आम्हांस सजावटीत नव्हे, तर हिशेबाच्या वहीत सापडते.

अमेरिकेत कॉमिक्स पूर्वी वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर विकली जात. न खपलेला अंक परत करण्याची विक्रेत्यास मुभा असे. पुष्कळदा मुखपृष्ठ तेवढे फाडून पाठवायचे आणि उरलेला अंक रद्दीत टाकायचा, अशी रीत होती. महिना सरला की अंकाचे आयुष्य संपले. न्यूयॉर्कमधील शिक्षक फिल सूलिंग यांनी १९७३च्या सुमारास प्रकाशकांशी निराळा व्यवहार ठरविला : दुकानदारास सवलत अधिक, परंतु माल परत घेतला जाणार नाही. एवढ्याशा अटीने दुकानाचा स्वभाव पालटला. न खपलेली प्रत दुकानातच राहू लागली, मागील अंकांची क्रमवार खोकी उभी राहिली आणि कोणते गिऱ्हाईक काय वाचते हे मालकास आधीच ठाऊक असणे भाग पडले. अंदाज चुकला तर तोटा त्याच्याच माथी!

अर्थात, या व्यवहाराआधीही वेड्या संग्राहकांची दुकाने होतीच. १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गॅरी आर्लिंग्टन यांनी आणि त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅममध्ये केस काउसमाकर यांनी ती उघडली. काउसमाकरांच्या दुकानाचे नाव 'लांबीक'. एका चित्रकथेतील पात्रावरून घेतलेले, तेही वर्णलेखनाची चूक करून! ते २०१५मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्येच दुसऱ्या जागी हलले. शिवाय जगभरच्या चित्रकथाकारांचा कोशही त्यांनी रचावयास घेतला. आमच्या मते दुकानदारीची हीच खरी परीक्षा. उलट १९९०च्या दशकात अमेरिकेत अंक न वाचता भाव चढण्यासाठी साठवण्याची हाव सुटली, आणि तो फुगा फुटताच असंख्य दुकानांना टाळे लागले.

आपल्याकडे टाइम्स समूहाने मार्च १९६४मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. त्यातील बुरखेधारी नायक मराठीत 'वेताळ' झाला. १९५२पासून मराठीत निघणाऱ्या 'चांदोबा'तील विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ मुलांच्या ओळखीचा होताच. दोघांची गल्लत कोणाही मुलाने केल्याचे आम्ही ऐकले नाही. पुढे 'इंद्रजाल'मध्ये काम केलेल्या अनंत पै यांनीच १९६७मध्ये 'अमर चित्रकथा' उभी केली.

स्थानकावरील स्टॉलला नव्या अंकाशीच कर्तव्य. जुने अंक जगविले ते दिवसाला चार-आठ आणे घेऊन कॉमिक्स भाड्याने देणाऱ्या दुकानांनी. त्यांचाही माल परत जाणारा नव्हता. चार-पाच अंक एकत्र शिवायचे, वर जाड पुठ्ठा लावायचा आणि कोपऱ्यात क्रमांक घालायचा. आम्ही आयुष्यभर सरकारी दप्तरे हाताळली. इतक्या तत्परतेने मागितलेला कागद काढून देणारा कारकून क्वचितच भेटला.

हैदराबादेतील आपल्या मराठी घरांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हता. मुले शाळेत इंग्रजी, तेलुगू किंवा उर्दू शिकत. मराठी कानांवर पडे ती घरातच. शिक्षकाविना मराठी वाचावयास लावणारा मजकूर म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत वेताळ आणि चांदोबाच. म्हणून येथे चांगले दुकान ते, जेथे मराठी अंक इतर भाषांच्या ढिगाखाली गाडला जात नाही आणि मूल पाने उलटू लागले की मालक हटकत नाही. अबिड्सच्या रविवारच्या पदपथी बाजारात असे विक्रेते आम्ही पाहिले आहेत.

'इंद्रजाल' १९९०मध्ये बंद पडले. भाड्याची दुकानेही आता दिसेनाशी झाली असून त्यांचे गठ्ठे वजनावर विकले गेले. आपल्या सभासदांपैकी कोणाच्या माळ्यावर मराठी अंक असतील, तर रद्दीवाल्यास बोलाविण्यापूर्वी त्यांचे क्रमांक, वर्ष व छापील किंमत एका कागदावर उतरवून मंडळाकडे अवश्य पाठवावी.