मादक द्रव्यांची अतिमात्रा

शरीराला सोसेल त्यापेक्षा अधिक मादक द्रव्य घेतले गेल्यामुळे श्वसन, रुधिराभिसरण अथवा मेंदूचे कार्य एकाएकी धोक्यात येते, त्या अवस्थेस अतिमात्रा असे म्हणतात. अतिमात्रा केवळ द्रव्याच्या वजनावर ठरत नाही. अफूची दीर्घकाळ सवय असलेली व्यक्ती जेवढी अफू पचवते, तिच्या अल्पांशानेही नवख्या माणसाचा किंवा तान्ह्या मुलाचा श्वास बंद पडू शकतो. तसेच व्यसन काही काळ सुटल्यावर द्रव्य पुन्हा पूर्वीच्याच प्रमाणात घेतले, तर तेच प्रमाण प्राणघातक ठरते. नैसर्गिक अफूपासून अलीकडच्या संश्लेषित (रासायनिक रीत्या तयार केलेल्या) द्रव्यांपर्यंत या विषबाधेचे स्वरूप पालटत गेले. महाराष्ट्रातील तिच्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. नवे द्रव्य प्रथम रुग्णाच्या रूपाने रुग्णालयात येते; प्रयोगशाळेला त्याची ओळख नंतर पटते आणि कायदा त्याची दखल त्याहून उशिरा घेतो. यामुळे तातडीच्या उपचारांचा पाया द्रव्याच्या नावावर नव्हे, तर रुग्णाच्या लक्षणांवर घालावा लागला.

अफू, बाळगोळी व धोतरा : एकोणिसाव्या शतकात माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. माळवा व मुंबई यांच्या दरम्यान असलेला खानदेश हा प्रदेश या वाहतुकीच्या टापूत येई. आजचा नंदुरबार जिल्हा (स्थापना १ जुलै १९९८) हा त्याच खानदेशाचा पश्चिम भाग होय. १८७८ च्या अफू अधिनियमानुसार अफूची विक्री परवानाधारक दुकानांतून होऊ लागली. ती घरोघरी सहज मिळत असल्याने अपघाताने वा आत्महत्येच्या हेतूने झालेली अफूची विषबाधा ही त्या काळच्या डॉक्टरांच्या नित्य परिचयाची होती.

मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना मूल शांत झोपावे म्हणून त्याला अफू असलेली ‘बाळगोळी’ देत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कामगार-जीवनाच्या पाहण्यांत या प्रथेचा वारंवार उल्लेख येतो. तान्ह्या मुलांच्या श्वसनकेंद्रावर अफूचा परिणाम फार लवकर होत असल्याने गोळीतील थोडासा फरकही जीवघेणा ठरे. मूल सांभाळण्याची सोय नसलेल्या आईच्या हातून, तिच्या मनात काहीही नसताना घडणारी ही अतिमात्रा होती. ती कमी होण्यास केवळ अफूवरील निर्बंध पुरेसे नव्हते. पाळणाघरे आणि प्रसूतिरजा यांचीही आवश्यकता होती.

मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १८४५) निगडित असलेले सरकारी रासायनिक विश्लेषक विषबाधेच्या नमुन्यांची तपासणी करीत. त्यांपैकी आय्. बी. लायन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला भारतीय न्यायवैद्यकावरील ग्रंथ प्रमाणभूत मानला जाई. वाटसरूंना अन्नातून धोतऱ्याचे बी घालून लुटण्याच्या घटना त्या काळी घडत असल्याने वैद्यकाच्या विद्यार्थ्याला दोन परस्परविरुद्ध चित्रे लक्षात ठेवावी लागत : अफूने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात व श्वास मंदावतो, धोतऱ्याने बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, त्वचा तापते व रुग्ण भ्रमिष्टासारखा बरळतो. लक्षणांच्या अशा समूहास इंग्रजीत १९७० मध्ये ‘टॉक्सिड्रोम’ ही संज्ञा मिळाली. मराठीत त्यास विषलक्षणसमूह म्हणता येईल. संज्ञा नवी असली, तरी व्यवहार जुनाच होता.

उपचार मात्र दुबळे होते. जठर धुणे, पोटॅशियम परमँगॅनेटाचा विद्राव पाजणे, कडक कॉफी देणे आणि रुग्णाला झोप लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरून चालवीत राहणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते.

संश्लेषित शामके : प्रयोगशाळेत तयार झालेले पहिले निद्राकारक औषध म्हणजे क्लोरल हायड्रेट होय. ते १८३२ मध्ये बनविण्यात आले व १८६९ पासून वैद्यकात वापरले जाऊ लागले. वैद्यकात त्याचे स्थान पुढे फारसे उरले नाही. परंतु भेसळीची ताडी बनविण्यासाठी महाराष्ट्रात व शेजारच्या तेलंगणात ते दीर्घकाळ वापरले गेल्याचे आढळते. अल्प्राझोलाम आणि डायाझेपाम यांचाही असा वापर झाला आहे. एका काळचे ‘नवे’ द्रव्य वैद्यकातून गेल्यावरही समाजात कसे टिकून राहते, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९०३ नंतर बार्बिच्युरेटे प्रचारात आली व त्यांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू वाढले. अशा रुग्णांना उत्तेजक औषधे टोचून जागे करण्याची पद्धत रूढ होती. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या बिस्पेब्येर रुग्णालयात कार्ल क्लेमेसेन यांनी १९४९ च्या सुमारास ही पद्धत सोडून दिली. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे, रक्तदाब सांभाळणे आणि रुग्णाची अखंड शुश्रूषा करणे एवढ्यावरच त्यांनी भर दिला. मृत्यूचे प्रमाण सु. २० टक्क्यांवरून एक ते दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. उतारा नसतानाही रुग्ण वाचविता येतो, हा या कार्याचा निष्कर्ष आजच्या सर्व विषबाधोपचारांचा आधार आहे.

भारतात १९५१ मध्ये इंद्रकिशोर कक्कड व सय्यद हुसेन जहीर यांनी हिवतापावरील औषधाचा शोध घेताना मेथॅक्वालोन हे संयुग तयार केले. त्याचा निद्राकारक गुण पुढे लक्षात आला आणि १९६५ पासून ब्रिटनमध्ये ते डायफेनहायड्रॅमिनासह ‘मँड्रॅक्स’ या नावाने विकले जाऊ लागले. व्यसन म्हणून त्याचा प्रसार झाल्यावर देशोदेशी त्यावर बंदी आली. तथापि नंतरही मुंबईमार्गे त्याची चोरटी निर्यात दक्षिण आफ्रिकेत होत राहिली. मेथॅक्वालोनावर उतारा नाही.

अफूगटातील द्रव्यांची गोष्ट निराळी आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेले नॅलोक्सोन हे औषध तेथे १९७१ पासून वापरात आले. ते अफूगटातील द्रव्यांना मेंदूतील ग्राहींवरून हटविते व काही मिनिटांत श्वास पूर्ववत होतो. त्याचा परिणाम मात्र सु. तास-दीड तासच टिकतो. द्रव्य अधिक काळ टिकणारे असेल, तर शुद्धीवर येऊन घरी गेलेला रुग्ण पुन्हा श्वासहीन होऊ शकतो. म्हणून त्याला निरीक्षणाखाली ठेवणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

गर्द : १९८० नंतर मुंबईत व पाठोपाठ पुण्यासारख्या शहरांत अशुद्ध हेरॉइनचा, म्हणजे ‘ब्राउन शुगर’चा, प्रसार झाला. मराठीत त्यास ‘गर्द’ हे नाव पडले आणि अनिल अवचट यांच्या लेखनामुळे ते घरोघरी पोहोचले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. याच सुमारास अंमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अंमलात आला. १९८९ मध्ये त्यात ६४-अ हे कलम घालण्यात आले. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, ठरावीक मर्यादेत, खटल्यापासून त्यामुळे संरक्षण मिळते. ही तरतूद फारशी परिचित नाही. पोलिसांच्या भीतीने सोबतचे मित्र बेशुद्ध रुग्णाला उशिरा आणतात किंवा काय घेतले ते सांगत नाहीत, आणि श्वास थांबल्यावर मेंदूला इजा होण्यास काही मिनिटेच पुरतात.

मेफेड्रोन व नवी द्रव्ये : कायद्याच्या सूचीत नाव नसलेली, परंतु जुन्या द्रव्यांसारखाच परिणाम करणारी संयुगे एकविसाव्या शतकात बाजारात येऊ लागली. रेणूत किंचित बदल केला की नाव बदलते, सूची अपुरी पडते आणि रुग्णालयातील नेहमीच्या मूत्रतपासणीत द्रव्य सापडेलच असे नसते. जगभर अशा हजाराहून अधिक द्रव्यांची नोंद झाली आहे.

महाराष्ट्रात यांपैकी मेफेड्रोन विशेष पसरले. ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणून ओळखले जाणारे हे संयुग १९२९ मध्येच तयार झाले होते. २००३ नंतर ते पुन्हा उजेडात आले. ब्रिटनने त्यावर एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली. भारतात ते फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिनियमाच्या कक्षेत आले. तोपर्यंत मुंबईतील डॉक्टरांना त्याचे रुग्ण दिसू लागले होते. त्यानंतर राज्यातील रासायनिक उद्योगाच्या आडोशाने त्याची निर्मिती होऊ लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचा छडा लावला, तेव्हा एकूण तपासात हजार किलोग्रॅमहून अधिक मेफेड्रोन हाती लागले.

मेफेड्रोनाच्या अतिमात्रेत छाती धडधडते, रक्तदाब व शरीराचे तापमान चढते, रुग्ण अस्वस्थ व संशयग्रस्त होतो आणि त्यास झटकेही येऊ शकतात. त्यावर उतारा नाही. बेंझोडायाझेपीन गटातील औषधाने रुग्णास शांत करणे, शरीर थंड करणे, शिरेतून द्रव देणे व हृदयावर लक्ष ठेवणे हाच उपचार होय. क्लेमेसेन यांचे तत्त्व येथे नव्या रूपात उपयोगी पडते.

संशोधन : द्रव्याचे नाव कळले नाही, तरी उपचार होऊ शकतो, पण नाव कधीच न कळले, तर पुढच्या रुग्णाला त्या अनुभवाचा लाभ मिळत नाही. याकरिता यूरोपात २०१३ मध्ये १० देशांतील १६ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांनी अशा रुग्णांची एकसारख्या नमुन्यात नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील अशाच प्रकल्पांत रुग्णाच्या रक्ताचे सूक्ष्म रासायनिक विश्लेषण करून लक्षणांशी त्याचा मेळ घालण्यात येतो. अमेरिकेत मुख्यतः फेंटानिल (१९६०) व त्यासारख्या संयुगांमुळे २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी अतिमात्रेने एक लाखाहून अधिक मृत्यू झाले. अशा नोंदींची निकड यावरून कळून येते.

भारतात नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ मध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र सुरू झाले. तातडीचे वैद्यक ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून २००९ मध्ये मान्य झाली, तर महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली.

दुर्गम जिल्हे : नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवरून रुग्णालय गाठणे हेच मोठे काम असते. शेतीप्रधान भागात बेशुद्ध रुग्णाच्या बाहुल्या बारीक दिसल्या, तर अफूगटातील द्रव्याइतकाच फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाचाही विचार करावा लागतो. कीटकनाशकाच्या बाधेत घाम, लाळ व श्वासनलिकेतील स्राव वाढतात आणि स्नायू फुरफुरतात. अफूच्या बाधेत असे होत नाही. पहिल्यात ॲट्रोपीन, तर दुसऱ्यात नॅलोक्सोन द्यावे लागते. ही निवड प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत नाही. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने अशा प्रशिक्षणास जिल्ह्यातच स्थान मिळाले आहे.

साधनांनी संपन्न रुग्णालयातच संशोधन होते, असा समज बरोबर नाही. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून लक्षणांच्या काटेकोर नोंदी केल्या, त्या १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या आणि पुढे रक्तदाबावरील प्राझोसीन हे औषध या दंशात प्राण वाचविते, हे दाखवून दिले. विष वेगळे असले, तरी पद्धत तीच लागू पडते. रुग्ण कोणत्या वेळी आला, बाहुल्या कशा होत्या, श्वास किती होता व कशाने सुधारणा झाली, एवढी नोंद प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. पुढचे नवे द्रव्य कोणते असेल हे सांगता येत नाही. ते प्रथम कोणाच्या तरी उंबरठ्यावर बेशुद्ध रुग्णाच्या रूपात येईल आणि तेथे ठेवलेली नोंदच त्याची पहिली ओळख ठरेल.