सीमेवरचे झाड

साम्राज्ये आणि लढाया यांचा इतिहास अशा व्यासपीठांवरून आपण पुष्कळ ऐकला आहे. आज मी झाडाचा इतिहास सांगणार आहे. नांदेडच्या जुन्या पेठेत काय किंवा लातूरच्या जुन्या वस्तीत काय, भिंतीला भिंत लागलेली माळवदाची घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. दोन घरांमधल्या बोळात लिंबाचे नाहीतर उंबराचे झाड असते. एक घर म्हणते, पाल्याने पन्हळ तुंबते, माळवदावर पाणी साचते, तुळयांना ओल चढते, फांदी तोडा. दुसरे घर म्हणते, आजोबांनी लावलेले झाड आहे, हात लावून तर पाहा. मग बोलणे बंद होते आणि वकिलाचे घर गाठले जाते. ही क्षुल्लक कटकट म्हणून आपण सोडून देतो. परंतु आपल्या शेजारीच एका पंडिताने नऊशे वर्षांपूर्वी तिच्यावर लेखणी चालविली आहे.

लातूरच्या आग्नेयेस कल्याणी, म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. सहावा विक्रमादित्य चालुक्य तेथे राज्य करीत असता विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वकीलमंडळींना ती वारसाहक्कापुरती ठाऊक असते. पण तिच्यात सीमाविवादाचेही प्रकरण आहे. हद्दीच्या खुणा कोणत्या? झाड, वारूळ, बांध, खळगा, कोळसा, कोंडा. साक्ष कोणाची? सामंतांची. येथे सामंत म्हणजे मांडलिक राजा समजू नये. सामंत म्हणजे लगतचा शेजारी. त्याच्याबरोबर म्हातारेकोतारे, गुराखी, नांगरणारे, रानात फिरणारे हेही येतात. तांबडी वस्त्रे नेसून, तांबड्या माळा घालून, डोक्यावर माती घेऊन त्यांनी हद्द चालून दाखवायची. झाडाची फांदी तोडली तर वीस पण दंड, खोड तोडले तर चाळीस, समूळ तोडले तर ऐंशी. आणि झाड सीमेवरचे, देवळाचे किंवा स्मशानातले असेल तर दंड दुप्पट. कात्यायनाच्या नावावरचा नियम तर असा, की दोन शेतांच्या सीमेवर उगवलेल्या झाडाची फळेफुले दोन्ही मालकांची सामाईक. हे ऐकून कोणाचा ऊर भरून येत असेल, तर हीच स्मृती शूद्राला कसे वागविते तेही त्याने एकदा वाचावे.

पुढे मराठी अमलात असे तंटे गोतसभेपुढे जात. निवाड्याच्या महजरावर पाटील-कुलकर्ण्यांच्या बरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या असत. यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गावच्या शिवेचा खरा जाणता मानला जाई तो महार. ज्याला गावकुसाच्या आत घर बांधायला मज्जाव, त्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे. झाडाशी, बांधाशी रोज ज्याचा पाय लागतो त्याला तेथले अधिक कळते, एवढे त्या काळी तरी मान्य होते. मान मात्र तेवढ्यापुरताच.

आपल्याकडे निजामी राजवटीत निराळाच प्रकार होता. बांध शेतकऱ्याचा, शिंदीचे झाड त्या बांधावर, परंतु त्याच्या ताडीचा हक्क सरकारच्या आबकारी खात्याचा. १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे पाडली ती याच उत्पन्नावर घाव घालण्यासाठी. झाडे लावण्याचे कार्यक्रम करणाऱ्या आजच्या मुलांना तो सत्याग्रह चमत्कारिक वाटेल.

तिकडे विलायतेत १८९४ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरविले, की शेजाऱ्याची फांदी आपल्या हद्दीत आली तर नोटीस न देता छाटावी. फक्त त्याच्या जमिनीत पाऊल टाकू नये. मुंबईच्या हायकोर्टानेही त्याच सुमारास तीच वाट धरली. फांदी कितीही वर्षे आलेली असो, तिला तेथे राहण्याचा हक्क मिळत नाही. सामाईक फळाफुलांची भाषा येथे संपली आणि रेघेची भाषा सुरू झाली.

आता फांदी नको म्हणणाऱ्याचीही बाजू ऐकली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात माणसे मेली ती मुख्यत्वे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली. ज्याने ते पाहिले, त्याच्या भिंतीच्या सांध्यात उंबराचे मूळ शिरले तर त्याने झोपावे कसे? त्याच्या भीतीला हट्ट म्हणणे मला जमत नाही. जुनी वस्ती जपायची म्हणजे तिच्यातल्या माणसाच्या डोक्यावरचे छतही जपायचे, आणि त्या दुरुस्तीचा खर्च एकट्या गरीब घरावर टाकून भागणार नाही.

१९७५ साली महाराष्ट्राने शहरांतील झाडांसाठी कायदा केला. घरमालकालाही परवानगीवाचून आपले झाड तोडता येईना. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरले. म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या मध्ये नगरपालिका उभी राहिली. हे मला बरे वाटते. पण आणखी एक माणूस उरतोच.

लातूरची गंजगोलाई घ्या. मधली इमारत १९१७ ची, तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, आणि त्या रस्त्यांवर मिरचीपासून गुळापर्यंत आणि जोड्यांपासून दागिन्यांपर्यंत बाजार. अशा बाजारपेठेत दोन दुकानांमधल्या झाडावरून वाद झाला तर मालक बोलतो, शेजारचा मालक बोलतो, अधिकारी बोलतो. त्या सावलीत पाठीवरचे पोते उतरवून भाकरी सोडणारा हमाल बोलत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला मजुरीच्या वादात उभे राहायला जागा दिली. सावलीच्या वादात आपल्यालाही जागा आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. १९७५ च्या कायद्याप्रमाणे तोडायच्या झाडावर नोटीस चिकटवावी लागते आणि हरकती घेता येतात. हरकत घेणारा घरमालकच असला पाहिजे असे नाही. म्हणून आमच्या पोरांना मी सांगून ठेवले आहे: झाडावर कागद दिसला, की दुपारच्या भाकरीच्या वेळी तो सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज तिथेच बसून लिहा.